दुसरी घागर

देवराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला साबण तसाच होता. त्याचा मुलगा प्रशांत म्हणाला, "काका, बाबा गेले. सकाळी चहा मागितला, आई घेऊन आली तवा..." मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेली दाढी पूर्ण केली. शाळेपासूनचा मित्र गेल्यावर आपण नेमके काय करू, याचा विचार मी म्हातारपणात अनेकदा केला होता. त्यात दाढी नव्हती. मग ऑटो करून महाल भागातल्या माझ्या घरून नंदनवनला, त्याच्या घरी गेलो.

कोपऱ्यावर तोवर फ्लेक्स लागलासुद्धा होता. माणूस अजून घरात, अंगणात तिरडीचे बांबू नुकतेच येऊन पडलेले, आणि कोपऱ्यावर गणवेशातला तरुण देवराव. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'आपल्या शहीद मित्राच्या आठवणीत आयुष्यभर तहानलेल्यांना पाणी पाजणारा वीर जवान.' मी ऑटोतून उतरलो आणि ते वाक्य वाचत उन्हात उभा राहिलो. वाक्य माझे होते. फार वर्षांपूर्वी एका भाषणात मी ते म्हटले होते आणि त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. त्यातला शहीद मित्र कधी अस्तित्वातच नव्हता. तो मी तयार केला.

आता त्या वाक्याचा कोरीव दगड होऊ घातला आहे, म्हणून हे लिहितो आहे. देवरावविषयी चार गोड आठवणी सांगून मोकळे होता आले असते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तसे छापून येते आणि वाचणाऱ्यालाही बरे वाटते. पण तो बरे वाटण्यासाठी जगला नाही.

देवराव विणकराचा. इतवारीच्या मागच्या एका गल्लीत त्यांचे घर होते, आणि घरात शिरले की पहिल्यांदा हातमाग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले त्याचे वडील, आणि डावीकडून उजवीकडे पळणारा धोटा. नऊवारी लुगडी विणायचे. आमचे घराणे भोसल्यांच्या काळापासून कारकुनीतले, घरात बोलणे कमी आणि कागद जास्त. त्यामुळे शाळा सुटली की मी देवरावकडेच असायचो. तो सुताच्या कांड्या भरायचा, मी त्याला गणिते सांगायचो आणि दोघेही आपापले काम चुकवायचो. त्याची माय मला ताटात वाढताना म्हणायची, "मनोहर, तुह्या घरी जेवाले देत नाही का गा?" आणि देवराव म्हणायचा, "देते वं माय, पन तिथं मोजून देते."

मॅट्रिकनंतर मी शिक्षक व्हायचे ठरवले. तो भरतीला गेला. मला राग आला होता. मी म्हणालो, काहून जातोस? तो म्हणाला, "तुह्या घरात शाई आहे, मन्या. शाई सुकत नाही. माह्या घरात सूत आहे, अन् सुताले गिऱ्हाईक नाही." देशभक्तीचे तो काही बोलला नाही. पुढेही कधी बोलला नाही. पण गणवेश मात्र असा घालायचा की सुट्टीवर आला म्हणजे गल्लीतली पोरे त्याच्या मागून नुसते बूट बघत चालायची.

एकाहत्तरच्या लढाईत तो पूर्वेकडे होता. त्याच थंडीत इकडे त्याचे वडील वारले. तो येऊ शकला नाही. आला तो उन्हाळ्यात, अखाजीला.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला अखाजी म्हणतात. आताची मुले त्या दिवशी सोने घ्यायला जातात. आमच्या जुन्या घरांतून त्या दिवशी मेलेल्यांना पाणी देत असत, अजूनही देतात. वैशाखाच्या उन्हात गेलेल्या माणसाला तहान लागते, म्हणून कुंभाराकडून नवी घागर आणायची, गळ्याला सूत गुंडाळायचे, वाळा घालून पाणी भरायचे, तोंडावर आंबा ठेवायचा आणि ज्याची त्याची आठवण करून पूजा करायची. घागर आपल्याच माणसाची. परक्याची कुणी भरत नाही. जिवंत माणसाची तर चुकूनही भरायची नाही, तो फार मोठा अपशकुन.

त्या अखाजीला देवराव कुंभाराकडून दोन घागरी घेऊन आला.

घरात उमरेडचे पाहुणे होते. पुरण शिजत होते. मायने एक घागर पाटावर ठेवली आणि दुसऱ्या घागरीकडे बघून तिचा हात थांबला. "हे दुसरी कोनाची गा?" देवराव सुताची गुंडी सोडवत राहिला. धाकटा भाऊ तेव्हा कोराडीला वीजकेंद्राच्या बांधकामावर होता आणि बरेच दिवस घरी आला नव्हता. मायच्या डोक्यात तेच आले. "लहान्याले काही झालं का? देवा! लहान्याले काही झालं का? सांग ना गा!" ती भिंतीला धरून खाली बसली. बायका उठल्या. देवराव दोन्ही हातांत सुताची गुंडी धरून नुसता उभा. मी दारात होतो. मला राहवले नाही. मी म्हणालो, "माय, घाबरू नको. लहान्या बरा आहे. देवासोबतचा जवान असेल लढाईत गेलेला. त्याच्या घरी कोणी भरणारं नसेल."

तो माझा अंदाज होता. त्या घटकेला मला तो खराच वाटला होता. मायच्या जिवात जीव आला. ती डोळे पुसत उठली आणि तिने त्या दुसऱ्या घागरीवर स्वतःच्या हाताने आंबा ठेवला, नवऱ्याच्या घागरीवरच्या आंब्याहून मोठा. "कोनाचं लेकरू होतं का मालूम," म्हणाली. देवरावने माझ्याकडे पाहिले. हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

संध्याकाळी आम्ही शुक्रवारी तलावावर जाऊन बसलो. तिथे त्याने मला सांगितले. तो जसे बोलला तसेच लिहितो, कारण यात मी पुन्हा माझी भर घातली तर मग या लेखाला अर्थ नाही.

"लढाईत गोळ्या लई चालवल्या, ते सोड. दुरून चालवते आपन. कोनाले लागलं, नाही लागलं, काही समजत नाही. त्याचं मले काही नाही. हा एक पाहिला."

मी त्याच्याकडे वळून बसलो.

"गाव आम्ही घेतलं होतं. सकाळी मी तळ्याच्या बाजूले पहाऱ्यावर. केळीतून एक जन निघाला. त्यांचा. एकटाच, चुकला असन. रायफल पाठीवर. त्यानं मले पाह्यलं नाही. काठावर बसला, दोन्ही हात पान्यात घातले, ओंजळ भरली... तोंडाजवळ नेली... अन् मी घोडा दाबला."

मी शिक्षक होणारा माणूस. मला लगेच काहीतरी समजावून सांगावेसे वाटले. म्हणालो, "तू नसतं मारलं तर त्यानं तुला मारलं असतं."

"रायफल पाठीवर होती म्हटलं ना बे."

"पण नंतर—"

"हो. नंतर मारलं असतं. मले नाही तं आमच्यातल्या दुसऱ्याले. म्हनून मारा लागत होतं. मी नाही म्हनून राहिलो का? मारा लागत होतं, मन्या. उद्या पुन्हा पाठवलं तं पुन्हा जाईन. पन एक ओंजळ प्याले किती टाइम लागते? तेवढं बी थांबलो नाही मी. जवळ जाऊन पाह्यलं तं ओठ फाटून होते त्याचे."

तलावावर लोक भेळ खात होते. मी विचारले, आणि ते विचारल्याची मला अजून लाज वाटते, "अरे, पण तो मुसलमान असेल. त्यांच्यात घागर नसते."

"तहान तं असते ना?" देवराव म्हणाला.

मग त्याने विचारले, मायला खरे सांगू का. मी म्हणालो, राहू दे. ती सुखावली आहे, तिला कशाला? तो म्हणाला, "ठीक आहे. माय आहे तोवर." माय पुष्कळ जगली आणि दर अखाजीला त्या घागरीला हळदीकुंकू लावत राहिली. ती गेल्यावर देवरावने बायकोला सगळे खरे सांगितले. लीलावहिनी तेव्हा काय म्हणाल्या ते मला ठाऊक नाही. दुसरी घागर बंद झाली नाही, एवढे ठाऊक आहे.

असा माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र येते. उदास, अबोल, बंदुकीला हात न लावणारा, रात्री दचकून उठणारा. ते चित्र मी इथेच फाडून टाकतो. देवराव पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झाला आणि इतवारीत एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामावर बंदूकधारी पहारेकरी म्हणून लागला. बंदूक रोज पुसायचा. पत्त्यांत लबाडी करायचा. तर्रीपोह्यांवर इतकी तर्री, म्हणजे तिखट रस्सा, घ्यायचा की पोहे शोधावे लागत. कुणी सहानुभूती दाखवली तर शिवी द्यायचा. एकदा एका डॉक्टरने त्याला, मनात काही असेल तर बोला, मन हलके होते, असे सांगितले. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मले हलकं नाही करा लागत. तो मानूस मेला अन् मी हलका होऊ? हे कोनतं शास्तर?" त्याला बरे व्हायचे नव्हते. त्याला फक्त त्या माणसाला विसरायचे नव्हते. 'माहा मानूस' म्हणायचा तो त्याला. बरे न होणे आणि न विसरणे, या दोहोंतला फरक मला कळायला फार वर्षे लागली.

नंदनवनला घर बांधल्यावर त्याने कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली तीन रांजण ठेवले. पाटी नाही, नाव नाही. पहाटे उठून स्वतः भरायचा, वर ओले लाल फडके टाकायचा. लोकांना ती पाणपोई आवडली. मग तिथल्या मंडळाला वाटले, तिचे रीतसर उद्घाटन व्हावे. आणि भाषणाला बोलावले मला.

मी तेव्हा मुख्याध्यापक होतो आणि मला बोलता यायचे. देवराव म्हणायचा, "मास्तर बोलाले लागला का मुडदा बी उठून टाळ्या वाजवते." त्या दिवशी मी उभा राहिलो आणि समोर गर्दी पाहिली. 'सोबतचा एक जवान' एवढेच बोलून थांबता आले असते. मी त्याला नाव दिले. गाव दिले. देवरावच्या मांडीवर डोके ठेवून पाणी मागत त्याने प्राण सोडला, असेही सांगितले. बायका रडल्या. ते नाव मी इथे लिहिणार नाही. जो नव्हताच, त्याला पुन्हा छापायचे नाही. पण कार्यक्रमानंतर मंडळाने पाटी लावली तीत ते नाव आले आणि पुढे उन्हापावसाने पुसट होईपर्यंत राहिले.

देवराव रांजणाजवळ उभा होता. मी हार काढत त्याच्याकडे गेलो. तो हळू आवाजात म्हणाला, "मी त्याले एकदा मारलं, मन्या. तू आज टाळ्या घेऊन मारलं."

मी म्हणालो, लोकांना असेच आवडते. तो रांजणावरचे फडके सरळ करू लागला.

पुढची गोष्ट सांगायला मला सगळ्यात जड जाते, म्हणून लवकर सांगतो. पंधरा ऑगस्टला मी त्याला आमच्या शाळेत प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले. नेहमी नाही म्हणणारा देवराव या वेळी हो म्हणाला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पदके लावून आला. झेंडावंदन झाले, तो माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पोरांनो, तुम्हाले पाणपोईची गोष्ट मालूम आहे. ते गोष्ट तशी नाही. मी ज्याच्यासाठी पानी भरतो, तो आपला नव्हता. तो तळ्यावर बसून पानी पिऊन राहिला होता, अन् मी..."

मी त्याच्या मागेच उभा होतो. समोर मुले, पालक, साहेब लोक. मी हात वर केला आणि पूर्ण ताकदीने 'भारत माता की जय' अशी घोषणा दिली. मुलांनी ती उचलली. मुलांना ओरडायला सांगावे लागत नाही. तो थांबला. घोषणा संपल्यावर त्याने पुन्हा तोंड उघडले, तेव्हा मी बँडला खूण केली. बँड वाजला. देवरावने माझ्याकडे वळून पाहिले, झेंड्याला कडक सलाम केला आणि पायऱ्या उतरून चालता झाला.

मी तेव्हा स्वतःला सांगितले की मी त्याला वाचवले. लोक त्याला काय म्हणाले असते, त्याच्या पोराबाळांचे काय झाले असते... खोटे आहे. त्याला वाचवायचे मला काही कारण नव्हते, तो गोळ्यांतून वाचून आलेला माणूस होता. मी मला वाचवले. त्याचे वाक्य पूर्ण झाले असते तर माझ्या भाषणातला शहीद तिथेच सगळ्यांसमोर मेला असता. हे अगदी साधे कारण आहे आणि ते मी आजवर कुणालाही सांगितले नव्हते. त्या घोषणेचा यात काही दोष नाही. ती मी ज्या कामाला लावली, तो दोष माझा.

त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही बोललो नाही. माझी बायको वारली तेव्हा तो घाटावर आला. खांदा दिला, राख सावडायलाही आला. मग एक दिवस दारात उभा राहून म्हणाला, "किती दिवस बसून राहशील बे घरात? चाल, पोहे खाऊ." पोहे खाताना मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्याने चमचा माझ्यावर रोखला. "इथं नको. जिथं माइक होता तिथं माग." आणि लगेच दुसरी प्लेट सांगितली.

मी मागितली नाही. रिटायर झालो होतो, तो माइक आता माझ्या ताब्यात नाही, असे कारण होते. कारणे मला नेहमी सापडतात. त्यानेही पुन्हा तो विषय काढला नाही. पाणपोईची पाटी मात्र मी एकदा काढतो म्हणालो, तेव्हा म्हणाला, "राहू दे. पाटी खोटी असन, पानी खरं आहे. पिणारा पाटी वाचून पेत नाही."

शेवटची भेट तो जाण्याच्या आदल्या आठवड्यातली. कॉटवर बसला होता, पाय सुजलेले. म्हणाला, "औंदाची घागर तू भरशील?" मी म्हणालो, "तूच भरशील. काहीही बोलू नको." तो हसला. खोकला, पुन्हा हसला. "लढाईवर मी गेलो, मन्या, अन् जिंदगीभर भेत तू राहिला बे."

हे त्याचे मला म्हटलेले शेवटचे वाक्य. यात मला दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.

तेरवीला जेवणे झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष बंडूभाऊ उठले. माणूस चांगला आहे. देवरावच्या आजारपणात रात्री-बेरात्री गाडी घेऊन यायचे. त्यांनी जाहीर केले की कडुनिंबाखाली आता पक्की पाणपोई बांधायची, फिल्टर, कूलर, सगळे. त्यावर ग्रॅनाइटचा दगड, देवराव आणि त्यांचा शहीद मित्र, दोघांच्या नावाने. अखाजीला लोकार्पण. "अन् मजकूर मास्तर लिहिणार. त्यांच्यासारखं कोनाले जमत नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "लिहितो. पण शहीद मित्र नव्हता. ते मी रचलं होतं. घागर त्या शिपायाची होती, ज्याला देवरावने मारलं. दगडावर तेच येईल."

मांडवात वाढप्यांची भांडी वाजायची थांबली.

प्रशांत मला आतल्या खोलीत घेऊन गेला. दार लोटून घेत म्हणाला, "काका, आजकालचे दिवस कसे आहे, तुम्हाले मालूम नाही का? माह्या पोरीच्या शाळेत तिच्या आजोबाचा फोटो लागून आहे. तिनं त्यांच्यावर भाषन दिलं. तिले पोरं काय म्हनतीन? बाबा गेले, आता काहून उकरून राहिले तुम्ही?"

मी त्याला म्हणालो, "ते भाषण माझं होतं, प्रशांत. तिच्या तोंडात माझंच खोटं गेलं आहे." तो म्हणाला, "असू द्या ना मग खोटं! कोनाचं काय बिघडते?" त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. म्हणालोच होतो, माइकसमोर. त्याचे चूक आहे असे मी अजूनही म्हणणार नाही. पण त्याच्या बापाने एकदा बोलायचा प्रयत्न केला होता आणि त्याला बोलू दिले गेले नाही, हे प्रशांतला माहीत नव्हते. ते मी सांगितले. तो उठून बाहेर गेला.

दोन दिवसांनी बंडूभाऊ माझ्या घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "मास्तर, असं करू. शहीद बी नको, दुश्मन बी नको. 'तहानलेल्या जिवांसाठी' लिहा. सुंदर वाटते. सगळ्यांचं समाधान."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?"

"आता बावा तुम्ही मास्तरकी नका करू. दुश्मनाच्या नावानं पाणपोई म्हटलं तं लोक फोडून टाकतीन."

"फोडू द्या. मी रांजण आणून ठेवीन."

"वय पाहा आपलं! लोक म्हनतीन मास्तरचं डोकं फिरलं."

"म्हणू द्या. आजवर हुशार म्हणत होते, त्यापेक्षा बरं."

बंडूभाऊ हसले, पण त्यांना राग आला होता. खरे सांगायचे तर 'तहानलेल्या जिवांसाठी' हे शब्द क्षणभर मला मोहात पाडून गेले. छान गोल शब्द आहेत, कुणाला टोचत नाहीत. पण ती पुन्हा तीच घोषणा झाली असती, या वेळी फक्त हळू आवाजात. मी त्यांना मजकूर तोंडी सांगितला आणि इथेही देतो, म्हणजे मी काय सांगितले त्यावर वाद नको: 'हवालदार देवराव यांनी लढाईत एका शत्रू शिपायाला पाणी पिण्याआधी मारले. त्या शिपायाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. त्याच्यासाठी त्यांनी जन्मभर पाणी भरले. ते येथे सर्वांसाठी आहे.'

याने शहिदांचा अपमान होतो, असे एकाने फोनवर सांगितले. खरोखर गेलेल्या जवानांच्या रांगेत मी एक बनावट माणूस उभा केला होता, तो अपमान होता. याने सैन्याची बदनामी होते, असे दुसरा म्हणाला. देवरावने हुकूम पाळला, पहारा दिला, गाव राखले, आणि मग ज्याला मारले त्याची तहान आयुष्यभर वाहिली. यात बदनामी कुठे आहे, ती मला दाखवावी. ज्यांनी कधी कुणाला मारले नाही त्यांनी देवरावला वीर म्हणून सोडून दिले, कारण वीर म्हटले की पुढे विचारावे लागत नाही. मी त्यांतला पहिला. ज्यांना राग येईल त्यांनी माझ्यावर काढावा. त्या घराच्या दारावर जाऊ नये.

दगड अजून कोरा आहे. पाणपोई मात्र बांधून झाली आणि अखाजीला सुरू झाली. त्या दिवसाचे सांगतो.

सकाळी मी कुंभाराकडून एक घागर घेऊन नंदनवनला गेलो. प्रशांतने आपल्या वडिलांची आणली होती, एकच. ती पाटावर होती, गळ्याला सूत, वर आंबा. माझ्या हातातली घागर पाहूनही तो बाजूला झाला नाही. लीलावहिनी स्वयंपाकघरातून आल्या. मी म्हणालो, "वहिनी, मी भरतो. चालेल का?"

"तुमचं काय नातं त्याच्याशी, भाऊजी?" त्यांनी सरळ विचारले.

"मीही मारलं त्याला."

त्यांनी पदर खोचला आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी घागर भरली आणि देवरावच्या घागरीशेजारी ठेवायला लागलो, तर म्हणाल्या, "तिथं नाही. ते बाजूले नव्हते ठेवत, समोर ठेवत. अन् तुम्ही मांडी घालून बसा." मी बसलो. विचारले, "नाव काय घ्यायचा तो?" पूजा करताना नाव घ्यावे लागते आणि मला एवढ्या वर्षांत तेवढे विचारायचे सुचले नव्हते.

"नाव कुठं मालूम होतं? काहीच नव्हते म्हनत. पानी भरून समोर बसत, अन् चूप राहत. एक मानूस पोट भरून पानी पेईन, तेवढा वेळ. त्या वेळात घरात कोनी हाक मारली, तं त्याहिले नाही चालत. मंग उठत, अन् वाढ म्हनत."

मी घागरीसमोर गप्प बसलो. पाठीमागे पुरणाचा वास होता, खिडकीत कूलर घरघरत होता. बाहेर मोटारसायकल थांबली आणि बंडूभाऊंचा आवाज आला, लोक जमले आहेत, मास्तर कुठे आहेत, फीत कापायची आहे. ते थेट आत येणार होते. मी मान वळवली नाही. दाराशी प्रशांत उभा होता, त्याचाच आवाज आला.

"थांबा भाऊ. आत पानी पिऊन राहिले."

"कोन?"

प्रशांत म्हणाला, "बसा ना तुम्ही. होऊ द्या."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी बसून राहिलो. मला वाटले होते तो वेळ थोडा असेल. माणसाला पोटभर पाणी प्यायला बराच वेळ लागतो.